चालू मशीनमधली डिस्क

न्हाई वो, पडला-बिडला न्हाई कुठं — यष्टीतनं मांडीवर घिऊन आलोय इस्लामपूरपास्नं, कंडक्टर म्हनला आबा खाली ठिवा, म्हनलं तू तुजी तिकिटं फाड, ह्ये खाली ठिवायचं सामान न्हवं. सोडा की गाठ, सोडा, आतच हाय शीपीयू — मिल्ट्रीचं ब्लँकेट हाय ते, त्यात गुंडाळला, धक्का लागू ने म्हनून. तर पडला न्हाई, पानी गेलं न्हाई, उंदीर शिरला न्हाई. दुखनं एवढंच, हळू चालतंय. म्हंजे चालू हुतंय झटक्यात, पडदा येतोय, सगळं येतंय — पन एका डिस्कवरनं दुसऱ्या डिस्कवर काय टाकाय गेलं की झालं, गोगलगाय. पयलं एका लग्नाचं सगळं शूटिंग च्या पिईपतोर पलीकडं जायाचं. आता सकाळी लावलं तर जेवनं हुत्यात, भांडी हुत्यात, म्हशीची धार हुती, आन ती हिरवी पट्टी आपली निम्म्यावर — बसलीया. मला वाटतं व्होल्टेजचं आसंल. आमच्याकडं लाईटीचं काय खरं हाय? मोटारी चालू झाल्या की बल्ब लाल. बघा तुमी, व्होल्टेजच निघंल.

मशीन माजं न्हवं, मला काय करायचंय — सुनंचं. म्हंजे पयलं पोराचं, वीरधवलचं. तुमच्याच हातनं जोडून घेतल्यालं, मागं तुमच्या दुकानाचं स्टिकर हाय, तेच वाचून आलो. अतिशय शेठ म्हनून लिवलंय, ते तुमीच न्हवं? व्हय, त्योच वीरधवल, दाढीवाला, लग्नाचं शूटिंग करायचा, लय बोलायचा. — गेला त्यो. कावीळ झाली, पोटात उतरली. असू द्या, असू द्या, तुमाला कुठनं ठावं आसनार. त्याच्यामागं सुनंनं धरलं काम. प्रियदर्शनी नाव, माह्यार वाईचं. आदी त्याच्या शेजारी निस्ती बसून बघायची, मग त्यो आजारी पडल्यावर त्याची राहिल्याली लग्नांची शूटिंगं हिनंच कापून-जोडून दिली, आन आता आमच्या अंगाला कुठंबी लग्न हू द्या, शूटिंगवाली पोरं तिच्याकडंच आनून देत्यात जोडाय. चांगलं नाव हाय तिचं. — व्हतं. हाय, हाय की.

काय म्हनला? चालू मशीनमधनं डिस्क वढली का? कोन वढंल? आन कशापायी? घरात मानसं दोन. ती तर कदीच न्हाई वढायची. मी बघितलंय न्हवं — डिस्क बदलायची म्हनलं की आदी मशीन बंद करनार, म्होरली लाईट इझायची वाट बघत बसनार, हात मांडीवर ठिवून, देवाम्होरं बसल्यागत, आन मग ह्यो खण वढनार हळूच. मलाबी सांगून ठिवलंय, "आबा, चालू असताना या खणांना हात लावायचा नाही हं." म्हनलं, मला शिकवतीस व्हय गं? मिल्ट्रीच्या सिग्नलमदी आख्खी नोकरी काढली मी, रंगरुटास्नी पयला धडा मीच द्यायचो — चालू तारंला हात लावनारा एकतर अडानी, न्हाईतर चोर. ...तर असं हाय. आमच्या घरात कुनी वढनार न्हाई. व्होल्टेज बघा.

कुठं? — थांबा, चष्मा लावू द्या. हां. काळं पडलंय व्हय हितं. ह्ये पितळी दात दिसत्यात त्यातला एक... व्हय, दिसला. ठिनगी म्हनताय. आन एकदा वढून एवढं हुतं व्हय? का दोनदा वढल्यावर? — न्हाई, मी आपलं इचारलं. मानूस इचारतो. ...आन मग हळू का चालतंय, येक तर चालावं न्हाईतर बंद पडावं? ...आसं. चुका यायला लागल्या की मशीन आपनहून येग कमी करतं. कुनी न सांगता. आन मागनं चुका थांबल्या तरी परत वाढवत न्हाई. कुनीतरी बसून, मशीनला सांगून, परत वाढवावा लागतो. बरं. बरं हाय. कळलं.

तुमी नगा बघू माज्याकडं असं, शेठ. तुमी पोराच्या वयाचं हाय माज्या.

मीच वढली. झालं? — बसू का मी हितं? ह्या खोक्यावर बसतो, खुर्ची नगो. मीच वढली, आन शाना असून वढली, अडानी म्हनून न्हवं. त्याचं आसं झालं — आमच्या भावकीतला कृष्णात हाय, पारावर बसून जगाच्या घरात काय शिजतंय ते सांगनारा, त्यो एकदा म्हनला, "हवालदार, सून तुमची दुपारची दार लावून बोलत आसती वाटतं कुनाशी? आमच्या परड्यात ऐकू येतंय." मी म्हनलं, काम आसतंय तिचं. म्हनलं खरं, पन कानात किडा शिरला न्हवं. तवापास्नं मी दाराला कान. ती आत बोलाय लागली की मी भाईर काठी आपटायचो, हाक मारायचो, मोटार बंद केलीस का गं, च्या टाक गं, पोस्टमन आला व्हता का गं — काय बी. हाक मारली की आत गप. लगीच गप. मी म्हनलं, बघ, हाय काय तरी. आन एक डिस्क व्हती तिची, निळी पट्टी चिकटवल्याली, ती मशीनमदी कदी ठिवायची न्हाई, काम झालं की काढून कपाटात. साड्यांखाली. — मला कसं ठावं म्हंजे? बघितलं म्हनून ठावं. व्हय, सुनंच्या कपाटात हात घातला मी. ह्ये सांगायचं न्हवतं तुमाला. निघून गेलं तोंडातनं.

तर त्या दिशी तिच्या आईचं मोतीबिंदूचं आपरेशन, वाईला. सकाळच्या गाडीनं गेली, संध्याकाळी येते म्हनली. मशीन चालूच ठिवून गेली — शिराळ्याकडचं एक लग्न जोडून झाल्यालं, त्याचं काय ते दिसभर मशीन आपलंआपन करत आसतंय, शिजत ठिवल्यागत. मला म्हनली, "आबा, याला फक्त हात लावू नका, मी आल्यावर बघते." आन मी म्हनलं, जा गं, कोन हात लावतंय. ...ती कोपऱ्यावर वळली आन मी कपाट उघडलं.

आता तुमी म्हनाल, बंद करून का न्हाई वढली? सगळं कळत व्हतं तर? — त्योच तर मुद्दा हाय, शेठ. बंद केलं तर परत चालू करताना पासवर्ड मागतंय. त्यो मला ठावं न्हाई. आन तिचं शिजत ठिवल्यालं बंद पडनार, म्हंजे आल्याबरोबर कळनार कुनीतरी मशीन बंद केल्तं. म्हनून चालूच्यात. चोराला दिवा इझवून चालत न्हाई न्हवं. दोन खण — वरच्यात मशीनची सोताची डिस्क, खालच्यात शिराळ्याचं लग्न. खालचा वढला. टक् झालं आत, बारीक, जिभंनं टाळूला करावं तसं. निळी सरकवली. आली पडद्यावर.

काय आसनार म्हनताय? मला काय वाटलेलं ते नगा इचारू. मला वाटलेलं ते म्हाताऱ्या मानसाच्या तोंडातनं निघू ने. — आत निस्ता एकच फोल्डर, नाव "परिचय". त्यात व्हिडिओ, तिचेच, एकाखाली एक. पयला लावला. प्रिया बसलीया खुर्चीवर, इस्त्रीची साडी, मागं भिंत, आमच्या माजघराचीच. म्हनती, "नमस्कार, माझं नाव प्रियदर्शनी, मी मूळची वाईची. माझे पती तीन वर्षांपूर्वी..." आन तेवढ्यात मागनं एक आवाज. खेकसल्याला. "प्रियाऽऽ, मोटार बंद केलीस का?" ती थांबली, हात लांब करून बंद केलं. दुसरा लावला. "नमस्कार, माझं नाव —" "प्रियाऽऽ, च्या टाक." बंद. तिसरा. चवथा. शेठ, सगळ्यात मी. एकात तर निस्ती काठी आपटतीया, बोलनं न्हाई काय न्हाई, काठी. एकात इचारतोय, "कुनाशी बोलतीस गं?" मला माजा आवाज पयला वळखलाच न्हाई. मला वाटलं, ह्यो कोन मानूस आमच्या घरात बाईमानसावर वरडतोय.

वाईच्या मामानं तिच्या, स्थळ बघितलं व्हतं, सातारचं — ह्ये मला शेवटच्या व्हिडिओतनंच कळलं. मानूस शाळंत शिक्षक हाय, बायको गेल्याली. त्यास्नी पाठवायचा व्हता व्हिडिओ, एवढंच. एवढंच व्हतं त्या डिस्कंत. माज्या घरात बसून तिला सोताचं नाव सांगून पुरं करता येत न्हवतं.

शेवटचा पुरा हाय. कवा केला देव जानं, मी रानात गेलो आसंन. त्यात काय-काय सांगितलंय — शिक्षान, काम, सैपाक येतो, मोटारसायकल येती. आन मग म्हनती, "घरी मी आणि माझे सासरे, दोघंच असतो. सासरे सैन्यात होते. माणूस चांगला आहे." — आन असं म्हनून दाराकडं बघितलं. एवढुसं. रंगरूट उस्तादाकडं बघतंय न्हवं, आता येतोय का काय, तसं. मी ते परत लावून बघितलं. परत बघितलं. कितींदा तरी. शेठ, नोकरीत लय पोरं माज्याकडं तशी बघायची आन मला बरं वाटायचं त्याचं. घरात कुनी तसं बघत आसंल ह्ये ध्यानातच न्हाई आलं कदी.

भाईर फटफटी वाजली. कुनाची तरी व्हती, रस्त्यानं गेली ती, पन माजा जीव कुठं जाग्यावर. निळी वढली, तशीच, चालूच्यात, लग्नाची सरकवली, जोरानं, वाकडी गेली पयली, परत काढून परत ढकलली. निळी साड्यांखाली. पडद्यावर काय तरी लाल आलं, इंग्रजीत, शिजत ठिवल्यालं थांबल्यालं.

संध्याकाळी ती आली. बॅग बी खाली ठिवली न्हाई, मशीनम्होरं हुबी राहिली. "आबा, काय झालं होतं का?" म्हनलं, लाईट गेल्ती. तिनं त्या बॅटरीकडं बघितलं — बॅटरी हाय न्हवं जोडल्याली, लाईट गेली तर तीवर चालतंय — बॅटरीकडं बघितलं, माज्याकडं बघितलं, आन म्हनली, "बरं." तवापास्नं ह्ये असं. काय बी टाकाय गेली की पट्टी सरकत न्हाई. ती आपली समोर बसून. गिऱ्हाइकांचे फोन, ताई झालं का, ताई कवा देताय — आन ही, "थोडं मशीन हळू चाललंय हो, उद्या नक्की." मी जन्मात कदी चूल पेटवली न्हाई, तर मी च्या करून न्यायला लागलो तिला. पयल्या दिशी तिनं कप हातात घेतला न्हाई, निस्ती बघत राहिली माज्याकडं. आन मी काय म्हनलं ठावं हाय? म्हनलं, "ही मशीनं सगळी चिनी, टिकत न्हाईत." — असं म्हनलं मी. च्या देता देता.

ती लग्नाची डिस्क काय सगळी वाचता आली न्हाई मागनं. बरंच आलं. हळद आली, अक्षता आल्या, पंगत आली. पाठवणी न्हाई आली. आन कॅमेऱ्याची कार्डं त्या शूटिंगवाल्या पोरानं कवाच पुसून दुसऱ्या लग्नाला वापरल्याली. आली की मग मानसं शिराळ्याची — नवरीचा बाप, नानासो म्हनून, आन बरोबर नवरी सोता, संयोगिता. बाप लय वरडला. अंगनात हुबा राहून, आख्ख्या आळीनं ऐकावं असा. बाईमानसानं नसत्या धंद्यात पडू ने, नवरा गेला तसं बंद करायचं व्हतं — असं सुदिक बोलला. पोरगी न्हाई वरडली. पोरीची आजी लग्नानंतर दहा-पंदरा दिवसांत गेली. पाठवणीला आजीनं पोरीला मिठी मारून काय तरी कानात सांगितल्यालं, आन रडताना हिला ते नीट ऐकू आलं न्हवतं. ती म्हनली, "ताई, चित्र नसलं तरी चालंल, मागचा आवाज तरी कुठं राहिला आसंल का?" शेठ, प्रियानं हात जोडलं. म्हनली, "माफ करा, माझ्या हातून झालं." आन मी उंबऱ्यात. काठी धरून. मिशा. मेडलं भिंतीवर. तोंड न्हाई उघडलं मी. एक शब्द. "पोरी, तिनं न्हाई, मी" — एवढंच व्हतं, जिभंवर आल्यालं, आन मी ते गिळलं, आन सगळी गेल्यावर वर प्रियाला म्हनलं, जाऊ दे गं, मानसं बोलत्यात.

आज ती परत वाईला गेलीया आईचं डोळं दाखवाय, म्हनून उचलून आनला. तिला ठावं न्हाई. म्हनलं ती यायच्या आत गुपचूप नीट करून ठिवावं, येग आला की तिला वाटंल आपोआप झालं. — तुमी काय म्हनताय ते आदी सांगा, हुईल का? ...ही आतली वायरची पट्टी बदलायची, ह्यो दात साफ, आन आत जाऊन मशीनला परत येग वाढवाय सांगायचं. मग पयल्यासारखं पळंल. आन ती पाठवणी? डिस्क ठिवून घेतो म्हनताय, हळूहळू वाचून बघतो. पन भरोसा न्हाई. बरं. खोटं आशंला लावू नगा, हाय ते सांगितलं, बरं केलं.

पासवर्ड? — न्हाई, मला कुठला. सांगितलं न्हवं. त्याच्याबिगर आत जाता येत न्हाई? म्हंजे तिलाच इचाराय पायजे. ...न्हाई, थांबा, दुसरी काय तरी वाट काढा की, शेठ, तुमी एवढं शिकल्यालं — काय? एका बाईचा फोन आल्ता, ह्याच दुखन्याचा, आन आता ध्यानात आलं? प्रियाचा? तुमाला? कवा?

त्या शिराळ्याच्या मानसांच्या आदी का मागनं — नीट आठवा. तुमाला कसं कळनार म्हना. लाईटबिलाच्या रांगंत हाय म्हनली व्हती? मग आदी. बिल ती मानसं यायच्या आदीच भरलंय. — काय इचारलं तिनं? ...डिस्क अशी आपोआप हळू पडती का म्हनून. आन तुमी? ...आपोआप न्हाई पडत, ताई, कुनीतरी चालूच्यात वढली आसनार. असं सांगितलं तुमी. मग? काय म्हनली?

"बरं" म्हनली.

म्हंजे त्या अंगनात तिला ठावं व्हतं. घरात मानसं दोन, शेठ. तिनं वढली न्हाई. तिला ठावं व्हतं आन हात जोडून म्हनली माज्या हातून झालं. मी मागं उंबऱ्यात हुबा, आन तिनं एकदाबी वळून बघितलं न्हाई माज्याकडं — मला वाटलं, सुटलो, हिला काय संशय न्हाई. बघितलं न्हाई ते त्यापायी व्हय. मी मान खाली घालतोय का, ते सुदिक बघितलं न्हाई तिनं.

न्हाई, पानी नगो.

तुमी नगा लावू फोन. तुमी लावला तर तिला वाटंल धरून आनला मला. मी लावतो. पासवर्ड इचारतो म्हंजे — पासवर्ड कशाला पायजे ते सांगावं लागंल. आन निळ्या डिस्कचं? ते सांगितलं तर पोरगी लाजनार, माज्याम्होरं मान वर करायची न्हाई. न्हाई सांगितलं तर परत लाईट गेल्तीच झालं की. ...सांगतो. तेबी सांगतो. सातारच्यास्नी पाठव म्हनावं त्यो शेवटचा. पाठवला नसंल अजून, पट्टीच कुठं सरकतीया. आन शिराळ्याला मी जातो म्हनावं, त्या पोरीच्या दारात, मी सोता.

ह्यो घ्या, हितं दाबायचं न्हवं? बारीक दिसतंय. "प्रिया". हां, लागला.

शेठ, जरा भाईर जाता? दुकान तुमचं हाय, कळतंय मला. पन मानसाम्होरं न्हाई जमायचं. वाजतोय. जावा. दार तेवढं वढून घ्या.